मिनिटाला नऊ श्वास

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तळघरात, कान-नाक-घसा विभागाच्या अगदी शेवटी एक खोली होती आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली होती. आतली खोली जेमतेम एका माणसापुरती. भिंतींना खळगे पाडलेला जाड फोम, शीतगृहाच्या दारासारखे जड दार आणि पाटीएवढी दुहेरी काच. ज्याला ऐकायला कमी येते असा संशय असे त्याला आत बसवत, कानांवर हेडफोन चढवत, हातात बटण देत आणि दार लावून घेत. काचेच्या अलीकडे, यंत्रापुढे बसून जो गृहस्थ हे सारे करी, त्याची ही हकीकत आहे.

सव्वीस वर्षे तो हेच काम करत होता. दिवसाला वीस-बावीस माणसे येत, आणि प्रत्येकाला तो तीच दोन वाक्ये सांगे: "आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा." मग दार लागे. आतला माणूस काही बोलला तर त्याचे ओठ हललेले दिसत, शब्द मात्र येत नसे. तक्त्यावर खुणा उमटत, त्यांची रेघ तयार होई, रेघ वर डॉक्टरांकडे जाई. माणसाला बहिरेपण किती आले आहे हे त्या रेघेवरून कळते. ते त्याला कोणाच्या बाबतीत अधिक जाणवते, बायकोच्या बोलण्यात की नातवाच्या, हे विचारण्याची सोय तक्त्यात नसते, आणि नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन चौकशी करणारा हा माणूस नव्हता. भिडस्तपणा हा सद्गुण आहे असे त्याच्या घरात मानत. त्या सद्गुणाने त्याला बरेच काही दिले असेल. सोबत दिली नाही.

लग्न राहून गेले होते. नकार कोणी दिला नाही, होकारही कोणी मागितला नाही. आज पाहू, उद्या पाहू करता करता डोक्यावरचे केस पांढरे झाले आणि घरात तो व वडील दोघेच उरले. वडिलांनाही शेवटी वर्ष-दीड वर्ष ऐकू येईनासे झाले. जगाचे कान तपासणाऱ्याने स्वतःच्या बापाचे कान तपासले ते फार उशिरा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वडील गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आवाज म्हणून जो उरला तो नळाचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा.

थोरली बहीण दुसऱ्या गावी असे. दर गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवलास?"

"जेवतो आता."

"कुणाशी बोललास का रे दिवसभरात?"

"बावीस माणसांशी बोललो, ताई."

"बटण दाबा सोडून?"

यावर तो हसे. तीही हसे, पण तिचे हसणे अर्ध्यावर थांबत असे, आणि कान हाच व्यवसाय असल्यामुळे ते थांबणे त्याला नेमके ऐकू येई.

वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी, एका शनिवारी, वस्तीतल्या वाचनालयाने आपल्या जुन्या तबकड्या निकालात काढल्या. दाराशी खोकी मांडून ठेवली होती आणि वर पुठ्ठ्यावर लिहिले होते, "हवे ते घेऊन जा." वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "न्या हो, न्या. नाहीतर सोमवारी रद्दीवाला नेणार." त्याच्या घरी वडिलांचा तबकडीवादक होता, कपाटावर धूळ खात पडलेला. म्हणून आणि केवळ बाईंचे मन मोडू नये म्हणून त्याने चार तबकड्या उचलल्या.

तीन ठीक होत्या. एकीवर बासरी होती, एकीवर हार्पसिकॉर्ड हे तारा छेडून वाजणारे जुने पेटीवाद्य, एकीवर गाणी. चौथीचे मूळ वेष्टन हरवले होते. वाचनालयाने तिला तपकिरी पुठ्ठ्याचे साधे पाकीट शिवले होते. मधल्या कागदी वर्तुळावर वाचनालयाची नोंद-चिठ्ठी आडवी डकवलेली. चिठ्ठीखालून बाहेर डोकावणारी दोन-तीन परकी अक्षरे तेवढी दिसत होती. त्यांवरून कळले ते इतकेच की तबकडी फ्रान्सची आहे आणि वाद्य व्हिओल आहे.

त्याने ती लावली. सुई टेकली, थोडी खरखर झाली, आणि सुरांच्या आधी एका माणसाने श्वास घेतला.

तो श्वास लांब, खोल होता. विहिरीत उतरणाऱ्या दोरासारखा तो खाली खाली गेला आणि त्याच्या तळातून पहिला सूर उठला. गडद, दाट, थोडा खरबरीत सूर. एखादा वृद्ध माणूस अंगणात बसून, कोणाला उद्देशून नव्हे, मनाशीच काही सांगतो आहे असा. प्रत्येक ओळीच्या आधी पुन्हा तो श्वास यायचा. कुठे खुर्ची कण्हायची, कुठे तारेवर बोट सरकल्याचा आवाज यायचा. वाजवणारा त्या खोलीत आहे, कपाट आणि खिडकी यांच्या मध्ये कुठेतरी बसला आहे, याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात संशय उरत नसे.

बाजू संपली तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपण वाजवणाऱ्याच्या बरोबरीने श्वास घेत होतो.

पुढे दोन वर्षे तसेच चालले. संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुवायचे, खिडकी लोटायची आणि ती बाजू लावायची. याच काळात त्याने वाचनालयातून पुस्तके आणली, शब्दकोश आणला, आणि एका वहीत टिपणे काढली. व्हिओल हे पायांमध्ये धरून, धनुकलीने वाजवायचे वाद्य आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये त्याला सातवी, खर्जाची तार जोडली गेली. तिथे शिष्य आपल्या दिवंगत गुरूसाठी शोकरचना करीत आणि तिला थडगे असेच नाव देत. आपल्या तबकडीवरची रचना अशाच कोणा गुरूसाठी केलेली आहे, हे वाचता वाचता त्याने ठरवून टाकले. पुरावा काही नव्हता, पण इतक्या सावकाश, इतक्या खोलातून दुसरे काय बोलणार? शिवाय ज्या माणसाने आपल्या बापाचे बहिरेपण उशिरा ओळखले, त्याला मागाहून केलेल्या अशा एखाद्या रचनेची गरजही असते. माणूस बहुधा संगीतात स्वतःचेच ऐकतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते पूर्ण खरे नाही. या माणसाला तर स्वतःचे ऐकण्याचा कंटाळा आला होता. त्याला तिथे दुसरे कोणी हवे होते, आणि ते होते.

श्रोत्यांच्या मंडळाची ओळख त्याला याच तबकडीमुळे झाली. वाचनालयाच्या बाईंनीच पत्ता दिला. दर रविवारी सकाळी दहा वाजता एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, रुग्ण बसतात त्या बाहेरच्या खोलीत, सहा-सात माणसे जमत आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकत. भिंतीवर हिरड्यांचा रंगीत तक्ता, कोपऱ्यात डॉक्टरांचा भारी तबकडीवादक, हवेत लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टर स्वतः जर्मन सिंफनीचे कट्टर भक्त. त्यांचा मेहुणा भूमापन कार्यालयात नकाशे काढी आणि रविवारी विनोद करी. एक निवृत्त परिचारिका येत; त्यांना सगळे सिस्टर म्हणत. विणकाम करणाऱ्या एक बाई, त्यांचे मितभाषी यजमान आणि एक शाळामास्तर, असे बाकीचे.

मंडळाचे नियम डॉक्टरांनी घातलेले होते आणि ते विचार करून घातलेले होते. तबकडी ज्याने आणली त्याने ऐकण्याआधी तिच्याविषयी अवाक्षर काढायचे नाही. बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही, उठायचे नाही. आणणाऱ्याने सर्वांत पुढच्या खुर्चीवर, इतरांकडे पाठ करून बसायचे, म्हणजे त्याने चेहरे वाचून कोणाला लाजवू नये. बाजू संपली की प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचे आणि आणणाऱ्याने सर्वांत शेवटी.

"एकच का?" त्याने पहिल्या दिवशी विचारले होते.

"कारण दुसऱ्या वाक्यात माणूस स्वतःविषयी बोलायला लागतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि तिसऱ्यात मुलांविषयी," मेहुणा म्हणाला.

तो वर्षभर जात राहिला. कानांचे काम करतो म्हणून मेहुण्याने त्याचे नाव कानसाहेब ठेवले आणि ते चिकटले. पाळी आली की तो म्हणे, "पुढच्या वेळी आणतो." तबकडी घरून निघत नव्हती. तिथे कोणी कुजबुजले, कोणी जांभई दिली, किंवा डॉक्टर आपले ठरलेले वाक्य बोलले, तर? डॉक्टरांचे फ्रेंच संगीताविषयी ठरलेले वाक्य असे होते: "अत्तर आहे. वास येतो, भूक भागत नाही."

"कानसाहेब, तुमची पाळी आता म्हातारी झाली," मेहुणा एकदा म्हणाला. "तिला काठी आणून देऊ का?"

सगळे हसले. तोही हसला. सिस्टर मात्र हसता हसता म्हणाल्या, "आणा हो. नुसतं ऐकून घेणारा माणूस बरा नाही. आमच्याकडे अशांना दाखल करून घ्यायचे."

त्या गुरुवारी त्याने बहिणीला सांगितले, "ताई, या रविवारी मी माझी तबकडी नेणार आहे. तिथे ऐकवणार."

"कुठली रे? ती रोजची?"

"हो."

"बरं करतोस," ती म्हणाली. "आणि कुणाला नाही आवडली तर घरी येऊन फोन कर. गुरुवारची वाट पाहू नकोस."

रविवारी त्याने तबकडी छातीशी धरून नेली. ती डॉक्टरांच्या यंत्रावर ठेवली, आणि ज्या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता त्या खुर्चीवर, सर्वांकडे पाठ करून, हिरड्यांच्या तक्त्यासमोर बसला. डॉक्टरांनी सुई टेकवली.

श्वास आला. मग सूर आला.

चेहरे दिसत नव्हते, परंतु त्याला चेहऱ्यांची गरज नव्हती. पाठीमागच्या खोलीचा त्याने कानांनी अंदाज घ्यायला सुरुवात केली, जशी सव्वीस वर्षांत कोणाही रुग्णासाठी केली नव्हती. विणकामाच्या सुया आधी टकटकत होत्या. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या. मेहुण्याच्या खुर्चीची स्प्रिंग नेहमी कुरकुरायची. ती गप्प होती. शाळामास्तरांना खोकल्याची सवय. त्यांनी खोकला गिळला. डॉक्टर पेन्सिल फिरवत असत. पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला आणि नंतर ती उचलली गेली नाही. वर्षानुवर्षे एकट्याने राखलेली जागा आता भरत होती. वाजवणारा माणूस या खोलीत आला होता, आणि इथे त्याला भेटायला सात जण बसले होते. तबकडीच्या त्या अठरा-एकोणीस मिनिटांत हा गृहस्थ जितका सुखी होता तितका तो पूर्वी कधी झाला होता का, हे सांगता येत नाही. निदान त्याला आठवत नव्हते.

बाजू संपली. सुई उचलली गेली.

शाळामास्तर म्हणाले, "माझे काका असं बोलत."

विणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मला टाके मोजता येईनात."

त्यांचे यजमान म्हणाले, "पुन्हा लावा," आणि हे त्यांचे त्या महिन्यातले पहिलेच वाक्य होते.

मेहुणा म्हणाला, "मला विनोद सुचत नाहीये, लिहून ठेवा कुणीतरी."

डॉक्टर खाकरले. "अत्तराविषयी मी जे म्हणत होतो," ते म्हणाले, "ते मागे घेतो."

सिस्टर उरल्या होत्या. त्यांनी विचारले, "हा वाजवणारा आजारी आहे का?"

"आजारी?" त्याने नियम मोडून मागे वळून पाहिले.

"नऊ," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा डावा हात वळलेला होता आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर होती. पस्तीस वर्षांची सवय. "मिनिटाला नऊ श्वास. झोपलेल्या माणसाचेसुद्धा बारा-चौदा पडतात. हा तर हात चालवतोय, कष्टाचं काम करतोय. याचे त्याहून कमी कसे? आणि श्वास आत घेतानाचा आवाज बघा, नळीतून ओढल्यासारखा. असा श्वास मी ऐकलाय, पण तो माणूस वाद्य वाजवण्याच्या अवस्थेत नव्हता."

खोलीत हालचाल झाली. डॉक्टर उठून यंत्राजवळ गेले आणि त्यांनी तबकडी उजेडात तिरपी धरली. खोबणी नेहमीपेक्षा रुंद होत्या. मंडळातल्या कोणालाही व्हिओलचा परिचय नव्हता. परंतु तबकड्यांत डॉक्टरांचा जन्म गेला होता. त्यांनी मधली चिठ्ठी नखाने चाचपली. मग आतल्या खोलीतून दातावरचे किटण खरवडायचे वाकड्या टोकाचे बारीक हत्यार आणले, ओल्या कापसाने चिठ्ठी भिजवली आणि, रुग्णाच्या हिरडीला धक्का लागू नये अशा निगुतीने, ती कडेकडेने सोडवली.

खाली आकडा छापलेला होता. पंचेचाळीस.

ज्यांना तबकड्यांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. मोठ्या आकाराच्या तबकड्या मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांनी वाजवायच्या असतात, लहान पंचेचाळिसाने. क्वचित एखादी मोठी तबकडीही पंचेचाळिसाची काढतात. ती कमी गतीने लावली तर सूर खाली उतरतो, लय मंदावते, आणि वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा त्या प्रमाणात लांबतो. वाचनालयाने आपली चिठ्ठी नेमकी त्या आकड्यावर डकवली होती. घरी यंत्राचा खटका वडिलांनी जिथे ठेवला होता तिथेच होता, आणि वडिलांच्या वस्तू हलवण्याची त्याला सवय नव्हती.

डॉक्टरांनी खटका सरकवला आणि सुई टेकवली.

जे बाहेर आले तो नाच होता. चपळ, मिस्कील, पावले उचलणारा नाच. वाजवणारा कोणी तरुण असावा; त्याचा श्वास आखूड, नाकाने घेतलेला, घाईचा होता, थोडी सर्दी झाल्यासारखा. खुर्ची कण्हत नव्हती, कुरकुरत होती. शाळामास्तरांचा पाय ठेका धरू लागला. विणकामाच्या सुया पुन्हा सुरू झाल्या आणि तालात पडू लागल्या. मेहुण्याने टाळी देण्यासाठी हात वर नेला आणि नियम आठवून मांडीवर ठेवला. पाच ओळींनंतर डॉक्टरांनीच नियम मोडला आणि हसत सुई उचलली.

"अहो, हे तर फारच सुंदर आहे!" ते म्हणाले. "पण कानसाहेब, तुम्ही आम्हाला बनवलंत हं!"

"म्हणजे?"

"मुद्दाम केलंत ना? आमची परीक्षा घेतलीत. कुणाच्या लक्षात येतं ते बघायला."

"अरे हो की!" मेहुणा ओरडला. त्याला आता विनोद सुचू लागले होते. "कान तपासणारा माणूस तो! आम्हाला वाटलं गाणं ऐकवतोय. हा तर आमची रेघ काढत होता! सिस्टर पास, बाकी आपण सगळे ठार बहिरे."

सगळे हसले. ते हसणे प्रेमळ होते. वर्षभर मागे बसून राहिलेल्या माणसाने एवढी बेरकी, एवढी सुबक खोडी काढावी, याचे त्यांना कौतुक वाटत होते. त्यांनी आपापल्या मनात त्याला जागा करून दिली होती, आणि ती आधी कधी मिळाली नव्हती अशी चांगली जागा होती. तिच्यावर जाऊन बसायला त्याला काही करावे लागणार नव्हते. नुसते हसायचे. मान हलवायची. पुढच्या रविवारी मेहुण्याने ती गोष्ट नव्या माणसाला रंगवून सांगितली असती, आणि मंडळाच्या स्मरणात ती कायमची राहिली असती.

त्याने त्या जागेकडे पाहिले. मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. खोटे बोलून माणूस बहुधा दुसऱ्याला लुबाडतो. इथे कोणाचे काहीच जाणार नव्हते. मात्र घरी खिडकी लोटून काढलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी खोडीच्या तयारीत मोडल्या असत्या. त्यांना निदान एवढे तरी देणे त्याला भाग होते, की त्या खोट्या ठरल्या तरी मनापासून झाल्या होत्या.

शिवाय त्याचे वाक्य अजून राहिले होते. आणणाऱ्याने शेवटी बोलायचे असते.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी रोज हे असंच ऐकलं."

हसू विरले. विणकाम करणाऱ्या बाईंनी टाके मोजायला सुरुवात केली. डॉक्टर घाईने म्हणाले, "होतं असं, होतं. माझ्या एका मित्राने तर..." आणि कोणत्या मित्राने काय केले ते त्यांना आठवेना. आपल्यामुळे इतरांना अवघडल्यासारखे होते आहे हे त्याला कळत होते. मूर्खपणा लोक सहज पोटात घालतात. एकटेपण उघडे पडले की मात्र कुठे पाहावे ते त्यांना समजत नाही.

"बरं, एक विनंती," डॉक्टर म्हणाले. "तबकडी आठवडाभर इथे ठेवाल का? दुसरी बाजू ऐकायची राहिलीय. आणि ही आम्हाला नीट, पहिल्यापासून ऐकायची आहे. फ्रेंचांवर मी अन्याय केला, तो भरून काढायला पाहिजे."

"ठेवा," तो म्हणाला. "त्यासाठीच आणली होती."

"तुम्ही थांबा ना. आता लावतो."

"मला जरा काम आहे."

काम नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते, रविवार होता. सिस्टर त्याच्या मागोमाग बाहेर आल्या आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांनी त्याला गाठले. जिना अरुंद होता. दोघे एकमेकांना वाट देत भिंतीला टेकून उभे राहिले.

"मी बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"असं कसं? तुम्हाला ऐकू आलं ते तुम्ही सांगितलंत."

"तुम्हाला काय ऐकू यायचं हो त्यात?"

हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नव्हता. "सोबत," तो म्हणाला. "कुणीतरी निवांत बसलंय. त्याला कुठे जायची घाई नाही."

सिस्टर त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, तिच्यापेक्षा कठीण असे काही होते.

"मला मरणारा माणूस ऐकू आला," त्या म्हणाल्या. "शेवटचा तास असतो ना, तसा. मी पूर्ण वेळ मनात म्हणत होते, याच्याजवळ कुणी बसलंय की नाही? आणि मास्तरांना काका आठवले, त्या बाई टाके विसरल्या, कुणालाच कसं कळत नाही म्हणून मला रागच आला होता."

"मग आता बरं वाटलं असेल."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "नाच निघाला. बरंच वाटलं."

त्या वर गेल्या. तो खाली उतरला. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकच तबकडी ऐकून दोन माणसे इतक्या दूर जाऊन बसली होती, आणि पाठ करून बसलेल्या त्याला वाटले होते की सगळे एका ठिकाणी आले आहेत. सुया थांबल्या होत्या हे खरे. त्या कशासाठी थांबल्या होत्या हे कोणत्याही कानाला कळत नाही.

रस्त्यावर ऊन होते. दवाखान्याची खिडकी पहिल्या मजल्यावर, अगदी डोक्यावर उघडी होती. एका दुकानाचे शटर कोणी वर ढकलत होते. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. आणि मग वरून, पंचेचाळीस फेऱ्यांच्या गतीने, पहिल्यापासून, नाच सुरू झाला.

तो चालू लागला होता. चार पावलांवर थांबला. बाजू संपेपर्यंत उठायचे नाही हा नियम खोलीपुरता होता, रस्त्याला लागू नव्हता. तरीही तो विजेच्या खांबाला पाठ टेकून उभा राहिला. या वेळी त्याने काही शोधले नाही. एक परका तरुण, सर्दी झालेला, एका परक्या गावातल्या खोलीत बसून वाजवत होता. त्याला याची काही माहिती नव्हती आणि याने त्याला कधी ऐकलेच नव्हते. रहदारीत मधले सूर बुडत होते. वर कोणीतरी ठेका धरला होता, बहुधा मेहुण्याने. एका अवघड जागी धनुकली उलटी फिरली आणि तीन सूर एकमेकांच्या अंगावरून उड्या मारून पलीकडे गेले. सावकाश ऐकताना ती जागा त्याला हुंदक्यासारखी वाटत असे.

चांगला वाजवतो, त्याच्या मनात आले. खरोखरच फार चांगला वाजवतो.

बाजू तेरा-चौदा मिनिटांत संपली. वर आवाज उठले, कोणी काही म्हणाले, आणि खुर्च्या सरकल्या. तो निघाला. घरी पोहोचल्यावर त्याने हातपाय धुतले, आणि गुरुवार नसताना बहिणीला फोन लावला.

"काय रे? नाही आवडली?"

"आवडली, ताई," तो म्हणाला. "सगळ्यांना आवडली."

"मग आवाज असा का?"

तो सांगू लागला. पहिल्या वाक्यावर थांबायचे त्याने ठरवले होते. पण दुसरे आले, मग तिसरे, आणि पलीकडे ती मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत राहिली.